मॅरेथॉनचा निरोप्या

मॅरेथॉन हा शब्द आता मराठीला परका राहिलेला नाही. एखादी बैठक मध्यरात्रीपर्यंत लांबली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिला ‘मॅरेथॉन बैठक’ म्हणतात. वक्त्याला घड्याळाचे भान राहिले नाही की श्रोते त्याच्या व्याख्यानालाही हेच विशेषण लावतात. आजच्या विषयामुळे ते तुमच्या हाती आयतेच सापडू नये, एवढी काळजी आम्हाला घ्यावयाची आहे. हिवाळ्याच्या दिवसांत मुंबई-पुण्याचे मोठे रस्ते पहाटे वाहनांना बंद करतात आणि हजारो स्त्रीपुरुष त्यांवरून धावत सुटतात. त्यांपैकी कोणालाही विचारावे की या शर्यतीला हे नाव का पडले, म्हणजे तो एक गोष्ट सांगेल. ती आपण सर्वांनीच शाळेत ऐकलेली आहे.

इराणच्या सम्राटाने ग्रीसवर स्वारी केली. मॅरेथॉनच्या मैदानात मूठभर अथेन्सवासीयांनी त्या अफाट सैन्याचा धुव्वा उडविला. विजयाची वार्ता घेऊन एक शिपाई तसाच धावत निघाला, वाटेत कोठे थांबला नाही, अथेन्सच्या पंचांपुढे ‘आपण जिंकलो’ एवढेच म्हणाला आणि तेथेच गतप्राण झाला. आम्हाला ज्या मास्तरांनी ही गोष्ट सांगितली त्यांचा आवाज शेवटच्या वाक्याला दर वर्षी घोगरा होत असे. आम्ही मुलेही मधल्या सुटीत तालमीच्या ओट्यापर्यंत धावून धापकन पडण्याचा खेळ खेळत असू.

पुढे मूळ ग्रंथ भाषांतरांतून वाचण्याचा योग आला, तेव्हा मास्तरांची ही गोष्ट आम्ही त्यात शोधू लागलो. ती सापडेना. सापडली ती वेगळीच गोष्ट. तीही धावण्याचीच होती, पण वाट दुसरी, निरोप दुसरा आणि शेवट तर अगदीच दुसरा. आपल्याकडे बखर एक सांगते आणि अस्सल पत्र दुसरेच सांगते असा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही. तसाच काहीसा हा प्रकार आहे.

लढाई झाली इ. स. पू. ४९० मध्ये. तिचा सविस्तर वृत्तांत देणारा सर्वांत जुना लेखक म्हणजे हिरोडोटस. त्याने आपला इतिहास लिहिला तो लढाईनंतर साधारण पन्नास-साठ वर्षांनी; म्हणजे ज्यांचे बाप किंवा आजे मॅरेथॉनला लढले होते अशी माणसे त्याला भेटू शकत होती. या ग्रंथाच्या सहाव्या भागात एक धावणारा येतो. त्याचे नाव फिलिपिडीज. काही हस्तलिखितांत ते फायडिपिडीज असे आहे आणि जगभर तेच अधिक प्रसिद्ध झाले. परंतु फायडिपिडीज याचा अर्थ ‘घोडे राखून वापरणारा’ असा काहीसा होतो, आणि ॲरिस्टोफेनीसने आपल्या ‘मेघ’ या प्रहसनात एका उधळ्या पोराला ते नाव थट्टेने दिले आहे. तेव्हा फिलिपिडीज हेच खरे असावे असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. आम्हीही तेच वापरू.

हा फिलिपिडीज शिपाई नव्हता. हिरोडोटस त्याला ‘हेमेरोड्रोमोस’ म्हणतो. दिवसभर धावणारा, हा त्या शब्दाचा अर्थ. पेशवाईच्या पत्रव्यवहारात ज्यांचे नाव पावलोपावली येते त्या जासूदांचाच तो ग्रीक भाऊबंद म्हणावयाचा. धावणे हा त्याचा पेशा होता, आणि त्या देशात या पेशाला मान होता. शिकंदराच्या पदरी असलेल्या फिलोनिडीज नावाच्या क्रेटन धावपट्टूने ऑलिंपिया येथे झ्यूस देवाला एक पुतळा वाहिला होता. त्याच्या चौथऱ्याचा दगड सापडला आहे आणि त्यावर त्याने स्वतःला राजाचा धावपट्टू व आशियाच्या वाटा पावलांनी मोजणारा असे म्हणवून घेतले आहे.

पायी धावणाऱ्याचे एवढे महत्त्व का, हे ग्रीसचा नकाशा पाहिल्यावर कळते. तो देश म्हणजे भूमध्य समुद्रात शिरलेला डोंगरांचा पंजा आहे. किनाऱ्याची पट्टी अरुंद. तिच्यामागे लगेच चुनखडीचे उघडे डोंगर. एका गावाचे खोरे ओलांडून दुसऱ्या गावाच्या खोऱ्यात जावयाचे म्हणजे खिंड चढणे आले. घोड्याला लोखंडी नाल ठोकण्याची कला त्या काळी ग्रीकांना ठाऊक नव्हती. दगडधोंड्यांच्या चढणीवर घोड्याचा खूर फुटतो, पण सवयीचा माणूस चालत राहतो. आपल्या घाटवाटांवरून डाकेची थैली नेणाऱ्या हरकाऱ्यांचे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको.

इराणी आरमार एजियन समुद्र ओलांडून आले होते. दहा वर्षांपूर्वी आशियातील ग्रीक शहरांनी बंड केले, त्यांना अथेन्स आणि एरेट्रिया या दोन नगरांनी मदत पाठविली, सार्डिस शहर जळाले. त्याचा सूड सम्राट दारयवहूला, म्हणजे ग्रीक ग्रंथांतल्या डरायसला, घ्यावयाचा होता. एरेट्रिया पडली, तिचे लोक गुलाम झाले. आता पाळी अथेन्सची. अथेन्सचे सेनापती अद्याप शहरातच होते. त्यांनी फिलिपिडीजला बोलावले आणि सांगितले, ‘स्पार्टाला जा.’

ही ती धाव. मॅरेथॉनहून अथेन्सला नव्हे, अथेन्सहून स्पार्टाला. लढाईनंतर नव्हे, लढाईपूर्वी. विजय सांगण्यासाठी नव्हे, मदत मागण्यासाठी.

अंतर किती? आज त्या वाटेने जी शर्यत होते ती २४६ किलोमीटरांची आहे. पुण्याहून पायी निघावे आणि कोल्हापूर गाठावे, इतके. हिरोडोटस म्हणतो की फिलिपिडीज दुसऱ्या दिवशी स्पार्टाला पोहोचला. त्याची सगळी वाट हिरोडोटसने दिलेली नाही, पण डोंगर आणि समुद्र यांनीच ती बरीचशी ठरवून टाकली आहे. अथेन्स सोडल्यावर पश्चिमेला एल्यूसिसचा उपसागर, डाव्या हाताला सॅलॅमिसचे बेट, मग मेगारा. पुढे डोंगराचा कडा थेट समुद्रावर उतरतो आणि वाट त्याच्या अंगावरून कोरल्यासारखी जाते. स्किरॉन नावाचा दरोडेखोर वाटसरूंना येथून खाली ढकलीत असे, अशी कथा आहे. त्यानंतर कॉरिंथची संयोगभूमी, आणि तेथून किनारा सोडून आत डोंगरांत. आर्गॉसचा मुलूख आणि टेजिया यांच्यामध्ये पार्थेनियन नावाचा पर्वत आहे. एवढ्या एकाच ठिकाणाचे नाव हिरोडोटसने घेतले आहे, कारण तेथे एक घटना घडली.

फिलिपिडीजने परत आल्यावर अथेन्सवासीयांना सांगितले की, पार्थेनियन पर्वतावर पॅन देवाने त्याला नाव घेऊन हाक मारली. पॅन हा बोकडाचे पाय असलेला, गुराख्यांचा आणि रानावनाचा देव. तो म्हणाला, ‘अथेन्सच्या लोकांना विचार, ते माझी आठवण का ठेवीत नाहीत? मी त्यांचे भले इच्छितो, पूर्वी अनेकदा त्यांच्या उपयोगी पडलो आहे आणि पुढेही पडेन.’ यावर हसण्याची घाई करू नये. दीडशे-दोनशे किलोमीटर धावलेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाला झाडाझुडपांत आकृती दिसतात, कोणी हाक मारल्याचे ऐकू येते. आजचे लांब पल्ल्याचे धावपटू असे अनुभव सर्रास सांगतात. अथेन्सवासीयांनी मात्र ते शब्दशः खरे मानले. संकट टळल्यावर त्यांनी ॲक्रॉपॉलिसच्या खाली पॅनसाठी देवस्थान केले आणि त्याच्या नावाने दर वर्षी बळी व मशालींची शर्यत सुरू केली. मॅरेथॉनच्या स्मृतीशी जोडलेली पहिली शर्यत शोधू गेल्यास ती ही होय. तिचा मान देवाला मिळाला. धावणाऱ्याच्या नावाने काही झाल्याचे हिरोडोटस सांगत नाही.

स्पार्टाने काय उत्तर दिले? फिलिपिडीज म्हणाला, ग्रीसमधले सर्वांत प्राचीन नगर परकीयांच्या दास्यात जाऊ देऊ नका. एरेट्रिया तर गेलीच, तेवढ्याने ग्रीस दुबळा झालाच आहे. स्पार्टाच्या लोकांना मदत करावयाची होती. पण ती महिन्याची नववी तिथी होती आणि चंद्र पूर्ण झाल्याशिवाय मोहिमेवर निघावयाचे नाही असा त्यांचा दंडक होता. ग्रीकांचा महिना अमावास्येनंतर सुरू होई; म्हणजे आपल्या पंचांगाच्या भाषेत ती शुद्ध नवमी झाली. पौर्णिमेपर्यंत थांबा, असे उत्तर मिळाले. ही सबब होती की खरी श्रद्धा, यावर विद्वानांत वाद आहे. कार्नेया नावाचा त्यांचा मोठा उत्सव त्या सुमारास चालू असावा असे अनेकांना वाटते. आम्हाला हा दंडक खोटा वाटत नाही. मुहूर्ताची वाट पाहत बसलेली सैन्ये आपल्याही इतिहासाला अपरिचित नाहीत.

आणि हे उत्तर घेऊन तो माणूस परतला. ‘पौर्णिमेनंतर येतो’ हे वाक्य पोहोचविण्यासाठी तेच कडे, त्याच खिंडी. परतीचा प्रवास हिरोडोटसने एका शब्दानेही वर्णिलेला नाही.

लढाई स्पार्टाविना झाली. तिची हकीकत येथे सांगण्याचे कारण नाही. तीत धावण्याचा जेवढा भाग आहे तेवढा घेऊ. हिरोडोटस म्हणतो की दोन्ही सैन्यांत आठ स्टेडिया, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर, अंतर होते आणि अथेन्सवासी ते धावत गेले. शत्रूवर धावत चालून जाणारे आपल्या माहितीचे पहिले ग्रीक हेच. ढाल-भाल्यांचे ओझे घेऊन एवढे धावता येते का, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. ते कसेही असो. इराण्यांचे ६,४०० आणि अथेन्सचे १९२ लोक पडले, असा आकडा तो देतो. नंतर इराणी जहाजांत बसले आणि सूनियनच्या भूशिराला वळसा घालून रिकाम्या अथेन्सवर झडप घालण्यासाठी निघाले. तेव्हा पाय नेतील तितक्या वेगाने अथेन्सचे सैन्य शहराकडे परतले आणि जहाजांच्या आधी पोहोचले. ते त्याच दिवशी की दुसऱ्या, हे हिरोडोटस सांगत नाही.

म्हणजे मॅरेथॉन ते अथेन्स ही धाव झालीच. पण ती एकट्याची नव्हे. सकाळी लढलेले, जखमी, तहानलेले हजारो कुंभार, शेतकरी, सुतार आपले घर वाचविण्यासाठी त्या चाळीस किलोमीटरांवरून धावतपळत गेले. पौर्णिमा उलटल्यावर स्पार्टाचे २,००० लोक इतक्या घाईने निघाले की तिसऱ्या दिवशी ते अथेन्सच्या मुलखात दाखल झाले. लढाई संपली होती. त्यांनी मैदानावर जाऊन इराण्यांची प्रेते पाहिली, अथेन्सची वाहवा केली आणि ते घरी गेले.

विजयाची वार्ता सांगून मरणारा निरोप्या या सर्वात कोठेच नाही. यावर कोणी म्हणेल, हिरोडोटसने सांगितले नाही म्हणून घडलेच नाही असे कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. मौन हा पुरावा दुबळाच. पण हा लेखक कोण आहे ते पाहावे. जो माणूस डोंगरात देवाने मारलेली हाकही सोडीत नाही, तो असा मृत्यू हाती आला असता तर टाकून देता काय? आम्हाला तसे वाटत नाही.

मग गोष्ट आली कोठून? ती प्रथम ठसठशीत दिसते ती प्लूटार्कच्या एका निबंधात, लढाईनंतर सुमारे सहाशे वर्षांनी. तोही फिलिपिडीजचे नाव घेत नाही. हेराक्लायडीजच्या मते तो थर्सिपस होता, पण बहुतेक लोक यूक्लीज म्हणतात, असे तो लिहितो. हेराक्लायडीज हा इ. स. पू. चौथ्या शतकातला, म्हणजे अशी काही कथा तेव्हा प्रचारात होती खरी, पण नावावर एकमत नव्हते. त्यानंतर दुसऱ्या शतकात लूशियन नावाचा विनोदी लेखक नमस्कार-चमत्काराच्या शब्दांवर एक निबंध लिहितो आणि ‘आनंद असो, आपण जिंकलो’ म्हणून मरणारा तो फिलिपिडीज होता, असे सहज सांगून जातो. प्रसिद्ध नाव आणि प्रसिद्ध मृत्यू यांची सोयरीक येथे जुळली.

आणखी एक गोष्ट प्लूटार्कनेच दुसरीकडे दिली आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. इ. स. पू. ४७९ मध्ये प्लाटीयाच्या लढाईनंतर इराण्यांनी विटाळलेला अग्नी विझवून डेल्फीहून पवित्र अग्नी आणावयाचे ठरले. यूकिडस नावाचा प्लाटीयाचा गृहस्थ डेल्फीला धावत गेला, अग्नी घेऊन सूर्यास्तापूर्वी परतला, लोकांना अभिवादन केले, अग्नी हाती दिला आणि कोसळून मेला. जाऊन-येऊन १,००० स्टेडिया! यूक्लीज आणि यूकिडस ही नावे, अभिवादन आणि मृत्यू यांचे साम्य पाहता एका गावची गोष्ट दुसऱ्या गावाला चिकटली असावी अशी आम्हाला शंका येते. ही शंकाच आहे, सिद्धान्त नव्हे.

पुढची पंधराशेहून अधिक वर्षे झपाट्याने ओलांडू. १८७९ मध्ये ब्राउनिंग या इंग्रज कवीने या धावपट्टूवर एक कविता छापली आणि दोन्ही धावा एकाच माणसाच्या पायांत घातल्या: स्पार्टाची, पॅनची आणि मरणाची. पंधरा वर्षांनी पॅरिसमध्ये ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू करण्याचा बेत ठरला, तेव्हा कूबर्टॅनच्या स्नेह्यांपैकी मिशेल ब्रेआल यांनी सुचविले की मॅरेथॉनच्या शिपायाची धाव अथेन्सला पुन्हा करावी. विजेत्याला चांदीचा पेला आपण देऊ. हे ब्रेआल खेळाडू नव्हते. ते भाषाशास्त्रज्ञ होते, बर्लिनला बॉपजवळ संस्कृत शिकलेले, आणि बॉपच्या तौलनिक व्याकरणाचे फ्रेंच भाषांतर त्यांनी केले होते. शब्दांचे अर्थ काळाबरोबर कसे बदलतात याचे शास्त्र ज्याने नावारूपाला आणले, त्यानेच ‘मॅरेथॉन’ या ग्रामनामाला नवा अर्थ मिळवून द्यावा, हा योगायोग आम्हाला फार आवडतो. प्राचीन ऑलिंपिकमध्ये अशी शर्यत कधीच नव्हती. तेथील मूळ धाव एका स्टेडियमची, १९२ मीटरांची; सर्वांत लांब शर्यत फार तर चोवीस स्टेडियांची, पाच किलोमीटरही न भरणारी. कारण उघड आहे. लांब धावणे हे निरोप्याचे काम होते.

१० एप्रिल १८९६ रोजी मॅरेथॉनच्या पुलापासून सतरा जण निघाले. आरंभी परदेशचे धावपटू पुढे होते. फ्रान्सचा लेर्म्युझ्यो आघाडीवर होता, तो चढणीनंतर गळाला. ८०० व १५०० मीटरांच्या शर्यती जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक अखेरच्या टप्प्यात खाली बसला. अथेन्सच्या संगमरवरी मैदानात पहिला शिरला तो मारूसी गावचा स्पायरिडॉन लुईस, २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांनी. त्याचा बाप अथेन्सला पाणी विकत असे आणि मुलगा त्या कामात मदत करी. राजाचे दोन पुत्र शेवटपर्यंत त्याच्या बाजूने धावत गेले. तिसरा आलेला ग्रीक वाटेत गाडीत बसला होता हे उघडकीला आल्याने त्याचा क्रमांक काढून हंगेरीच्या केल्नरला दिला गेला. लुईस यानंतर कोणत्याही शर्यतीत धावला नाही. १९४० मध्ये तो वारला. ब्रेआलचा पेला त्याच्या कुटुंबाकडे राहिला आणि २०१२ मध्ये लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर एक स्त्री धावली. स्टामाटा रेविथी तिचे नाव, गरीब होती. शर्यतीत घ्या म्हणून तिने मागणी केली, ती नाकारली गेली. मॅरेथॉनच्या गावातील अधिकाऱ्यांकडून निघण्याची वेळ लिहून घेऊन सकाळी आठला ती एकटी निघाली आणि सुमारे साडेपाच तासांनी अथेन्सला पोहोचली. मैदानात तिला शिरू दिले नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली १९८४ मध्ये.

या कथेचा एक धागा आपल्या मुलखातही येतो. डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारी खेड्यांतली मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या खटपटीने १९२० मध्ये हिंदुस्थानचा एक लहान चमू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ते चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. लुईसपेक्षा अडीच किलोमीटरांहून अधिक अंतर, आणि आठ मिनिटे कमी! बेळगावबाहेर हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे.

स्पार्टाच्या वाटेकडे मात्र कोणी फिरकले नव्हते. ब्रिटिश विमानदलातील जॉन फोडेन हे अधिकारी हिरोडोटसचे वाचक. एका दिवसात आणि दुसऱ्या दिवसाच्या काही भागात स्पार्टा गाठणे माणसाला शक्य आहे काय, हा प्रश्न त्यांना पडला, आणि ग्रंथालयात बसून तो सुटेना. १९८२ च्या ऑक्टोबरात ते चार सोबत्यांसह अथेन्सहून धावत निघाले. पाचांपैकी तिघे पोहोचले, स्वतः फोडेन धरून, सर्व चाळीस तासांच्या आत. हिरोडोटसचे वाक्य अशक्य नव्हते. पुढच्याच वर्षी त्या वाटेने शर्यत सुरू झाली. पहिली जिंकली ग्रीसच्या यानिस कूरोसने. १९८४ मधली त्याची २० तास २५ मिनिटांची वेळ तब्बल एकोणचाळीस वर्षे कोणाला मोडता आली नाही. ती २०२३ मध्ये फोटिस झिसिमोपूलोस या ग्रीकानेच मोडली, १९ तास ५५ मिनिटांनी.

सप्टेंबरअखेरीस पहाटे ॲक्रॉपॉलिसच्या पायथ्यापासून धावणारे निघतात. मेगाराचा किनारा दिवसा, डोंगराची खिंड बहुतेकांना रात्री विजेरीच्या उजेडात. छत्तीस तासांत स्पार्टा गाठावी लागते. तेथे लिओनिडसच्या पुतळ्याच्या पायाला हात लावला की शर्यत संपते. गावच्या मुली युरोटस नदीचे पाणी पाजतात, डोक्यावर ऑलिव्हच्या डहाळीचे कडे ठेवतात, डॉक्टर पाय तपासतात. फिलिपिडीजला तेथून पुन्हा अथेन्सला जावयाचे होते.